पुठ्ठा, खळ आणि कशेडीचा घाट

आमच्या विभागाच्या पाटीवर 'पॅकेजिंग तपासणी' असं लिहिलेलं होतं, पण कंपनीत सगळे त्याला आपटखानाच म्हणत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबट शेड होती. तिच्या मधोमध जमिनीत पक्की बसवलेली जाड लोखंडी लादी, वर एक कप्पी आणि एक खटका. भरलेला खोका कप्पीला अडकवायचा, छातीच्या उंचीपर्यंत चढवायचा आणि खटका सोडायचा. एक खोका बुडावर पाडायचा, दुसरा माथ्यावर, तिसरा लांब कुशीवर, चौथा आखूड कुशीवर आणि शेवटचा कोपऱ्यावर. कोपऱ्यावरचा आवाज वेगळा यायचा, हाड मोडल्यासारखा. नवीन माणूस त्या आवाजाला हमखास दचके.

आम्ही जे रसायन बनवत होतो ते दिसायला अगदी पाण्यासारखं. पण त्याची वाफ डोळ्यांत गेली तर डोळ्यांवरच बेतायचं, आणि कातडीवर पडलं तर फोड यायचे. परवान्याशिवाय ते विकता येत नसे आणि कुठल्या गिऱ्हाईकाला किती गेलं याचा हिशेब सरकारला द्यावा लागे. हे रसायन जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून, कॅन पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून बाहेर जायचं. तो कॅन, त्याचं बूच, तो खोका, खोका चिकटवणारा गोंद आणि वर लावलेलं लेबल, या सगळ्यांनी प्रवासात आपापली जागा सोडायची नाही, हे बघणं आमचं काम. चाचणीला अर्थातच खरं रसायन वापरत नसू. कॅनमध्ये निळं रंगवलेलं पाणी भरायचो. लादीवर निळा थेंब दिसला की ती खोकी नापास.

मी तिथे लागले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, नुकती बी.एस्सी. झालेली असताना. माझे वडील महाडला हायस्कुलात शिक्षक. मी बी.एड. करून त्यांच्यासारखंच शाळेत लागावं अशी त्यांची इच्छा. पण मला रसायनशास्त्र शिकवण्यापेक्षा ते प्रत्यक्ष कुठे वापरतात ते बघायचं होतं. मुलाखत घेणारे आमच्या विभागाचे साहेब मूळचे महाडचेच, मुंबईला छपाई आणि पॅकिंगचं शिक्षण घेऊन परत आलेले. पन्नाशीकडे झुकलेले, शर्टाचे हात नेहमी दुमडलेले. त्यांनी माझ्या मार्कांकडे पाहिलंही नाही.

"घरी पाकीट चिकटवायला डिंक नसला तर काय करता?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळले. "भाताची शितं लावतो."

"आणि ते पाकीट पावसात भिजलं तर?"

"सुटतं."

"का सुटतं?"

मी स्टार्चबद्दल, पाणी शिरून तो कसा फुगतो त्याबद्दल मला येत होतं तेवढं सांगितलं. ते हसले. "पुठ्ठ्याचे खोकेसुद्धा खळीनेच चिकटवलेले असतात, बाई. आपलं भांडण त्या शितांशीच आहे. सोमवारपासून या."

त्या शेडमध्ये तोवर एकही बाई नव्हती. सुरुवातीला मला कागदी कामं देण्याकडे बाकीच्यांचा कल होता. साहेबांनी ते चालू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात कप्पीची दोरी दिली आणि म्हणाले, "स्वतः पाडल्याशिवाय खोका कळत नाही." वर्षभरात मला नुसत्या हाताने दाबून पुठ्ठा ओला की कोरडा ते सांगता येऊ लागलं. लेबल सोलून काढताना ताणकाट्यावर किती जोर लागतो, बुचाला किती पिळा दिला म्हणजे ते पुरेसं बसतं आणि जास्त दिला म्हणजे आटे कसे मोडतात, हे सगळं हातात मुरलं. बोटांना कायम गोंदाचा वास. घरी आई म्हणायची, "तुझ्या हातची भाकरीसुद्धा आता सुटायची नाही." पहिल्यांदा एका अहवालाखाली 'तपासणी करणार' म्हणून माझी सही झाली, त्या दिवशी मी बाजारपेठेतून पेढे घेऊन घरी गेले. वडिलांनी अहवालाची प्रत दोनदा वाचली, त्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली आणि मग पेढा घेतला.

लग्न ठरलं पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका गावात. माणसं शेतकरी, भाताची जमीन आणि नाचणी-वरीपुरता वरकस डोंगर, थोडे आंबे. नवरा पोलादपूरला सरकारी कचेरीत. मुलगी बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, सरळ विचारलं, "कंपनीत काय काम करता?"

मी म्हटलं, "खोकी आपटते."

आबांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खाली पाहिलं. मग आबा म्हणाले, "आपटून?"

"फुटतात का बघते."

"फुटली मंजी?"

"मग ती पाठवू देत नाही."

आबा म्हणाले, "बरा हाय. आमच्या घरात भांडी आपटणाऱ्या बायका लय. फुटू न देणारी एक येऊ दे." सासूबाई पदराआड हसल्या. लग्नानंतरही नोकरी सोडायची नाही असं ठरलं. मी सकाळची एसटी धरून महाडला यायचे आणि तिथून कंपनीच्या गाडीने वसाहतीत. गावात मात्र माझ्या कामाला कोणी काम मानत नव्हतं. पाणवठ्यावर बायका विचारत, "गो, आज किती खोकी आपटलीस?" मीही हसून सांगायचे.

पुढे दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात कंपनीने खोक्यांचा पुरवठादार बदलला. नवा पुरवठादार घाटावरचा होता. त्याचे खोके दिसायला देखणे, कडा धारदार, छपाई स्वच्छ. सोबत एका प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र की हे खोके धोकादायक मालाच्या नियमांप्रमाणे सगळ्या चाचण्यांत उतरले आहेत. आम्हीही नियमाप्रमाणे खोके एक दिवस ठरलेल्या कोरड्या हवेच्या खोलीत ठेवले आणि पाडले. लादी कोरडी राहिली. सगळे खोके पास.

मी अहवाल लिहायला बसले आणि हात थांबला. ती खोली कोरडी होती, ते ठीक. पण आमचं गोदाम कोरडं नव्हतं. जुलैमध्ये महाडला भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत चमचा अडकतो. माल त्या गोदामात आठवडा-आठवडा पडून राहतो आणि मग ताडपत्रीखालून पावसात घाट चढतो. नियमातली हवा आणि आमची हवा एक नव्हती. मी नव्या खोक्याचा एक तुकडा कापून पाण्यात टाकला. चहा पिऊन होईपर्यंत त्याचे पदर सुटून तरंगायला लागले, घडीच्या पोळीसारखे. जुन्या पुरवठादाराचा तुकडा शेजारीच टाकला होता. तो फुगला, पण एकसंध राहिला.

मी साहेबांना ते भांडं दाखवलं. ते म्हणाले, "तुकडा पाण्यात बुडवणं म्हणजे चाचणी नाही. कोणी मानणार नाही. मानावं लागेल असं काहीतरी करा."

शेडच्या कोपऱ्यात एक जुनी भंडाराची खोली होती. ती आम्ही रिकामी केली, आत ओली गोणपाटं टांगली, खाली पाण्याच्या पराती आणि त्यांखाली मंद शेगड्या. दार बंद केल्यावर आत अगदी जुलैचा महिना तयार झाला. त्यात नव्या खोक्यांमध्ये निळं पाणी भरलेले कॅन ठेवून ती खोकी काही दिवस राहू दिली. मग पाडली. पहिल्याच खोक्याच्या बुडाच्या झडपा गोंद सोडून उघडल्या, कॅन थेट लादीवर आदळला आणि बुचाखालून निळं पाणी पसरलं. कोपऱ्यावर पाडलेला खोका तर हातात घेताच बुडाकडून उकलला.

मी अहवालावर 'नापास' लिहिलं. दुसऱ्या दिवशी रवानगी विभागाचे मॅनेजर शेडमध्ये आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावर माल वेळेत बाहेर काढायची जबाबदारी होती आणि नवे खोके गोदामात थप्प्यांनी पडले होते.

"मॅडम, प्रमाणपत्र आहे ना?"

"आहे."

"तुमच्या कोरड्या खोलीत पास झाले ना?"

"झाले."

"मग ही ओली गोणपाटं कुठल्या नियमात आहेत ते दाखवा."

मला दाखवता येईना. तसा नियम नव्हताच. मी म्हटलं, "सर, कोरड्या हवेचं प्रमाणपत्र घेऊन आपला ट्रक पावसात जाणार आहे. मी सही करणार नाही."

"तुमची सही नसेल तर तुमच्या साहेबांची घेऊ."

साहेब मागेच उभे होते. "माझीही मिळणार नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "नियम सांगतो की किमान एवढं तरी करा. त्याहून जास्त केलं तर तो कोणाला पकडत नाही."

प्रकरण कारखान्याच्या मुख्य साहेबांपर्यंत गेलं. बैठकीला मला बोलावलं, तेव्हा मी दमट खोलीतून नुकताच काढलेला एक खोका तसाच हातांवर घेऊन गेले आणि त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. काही बोलायच्या आत तो बुडाकडून बसायला लागला. आतल्या कॅनचं बूच मी मुद्दाम सैल ठेवलं नव्हतं, तसं काही केलं असतं तर माझी मलाच लाज वाटली असती. पाणी सांडलं नाही. पण खोका सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खचत गेला, आणि ते पाहणं पुरेसं होतं. मुख्य साहेबांनी फक्त विचारलं, "पावसाळ्याला किती अवकाश आहे?" आणि पुरवठादाराला बोलावून घ्यायला सांगितलं.

त्यानंतरचे आठवडे मी माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुंदर आठवडे मानते. पुरवठादाराने आपला तंत्रज्ञ पाठवला. तो आधी फुरंगटलेला होता, पण दमट खोलीत पाच मिनिटं उभा राहिल्यावर घाम पुसत म्हणाला, "आमच्याकडे अशी हवा असती तर आम्हीही वेगळी खळ वापरली असती." पाणी न शोषणारी खळ त्याने बनवून आणली. पहिली खेप पुन्हा नापास झाली, कारण पदर टिकले पण बुडाच्या झडपांचा गोंद सुटला. तिथे गरम वितळवून लावायचा गोंद आणून झडपा जास्त रुंद केल्या. मग पदर टिकले, झडपा टिकल्या, पण कोपऱ्यावर पाडलं की आतला कॅन खोक्याला फोडून बाहेर डोकावायचा. आत पुठ्ठ्याचे आडवे-उभे कप्पे घातले. दर वेळी दमट खोली, दर वेळी लादी. शेडमधले सगळे आता खटका सुटायच्या आधी श्वास धरायला लागले होते. रवानगीचे मॅनेजरही येऊन उभे राहायचे.

लेबलांचं वेगळंच. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची लेबलं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने राहूनही निघता कामा नयेत, अक्षरं पुसता कामा नयेत, असा दंडक होता. देशातल्या देशात जाणाऱ्या मालाला तो लागू नव्हता. साहेब म्हणाले, "एकच लेबल सगळीकडे लावू. रसायनाला परदेश आणि देश कळत नाही." आम्ही कागदी लेबल काढून प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचं लेबल निवडलं. तपासायला मीठ घातलेलं पाणी चाललं असतं, पण मला खरं पाणी हवं होतं. दासगावच्या खाडीत भरतीचं पाणी येतं. तिथल्या एका कोळीणबाईंनी आपल्या होडीच्या खुंटाला आमची लेबलं लावलेली पाटी बांधू दिली. दर पंधरवड्याला मी तिकडे जाऊन पाटी वर ओढून बघायचे. चिखल, शेवाळ, कालवांची बारीक पिल्लं, सगळं पाटीवर बसलं होतं. ते खरवडलं की खाली लाल चौकटीतली कवटी स्वच्छ. कोळीणबाई म्हणाल्या, "हिला काय व्हत नाय. माझ्या नवऱ्याचा नाव होडीवर असा लिवून दे." दिलं लिहून. ती होडी पुढे बरीच वर्षं त्या नावाने फिरली.

मृग निघायच्या सुमाराला सगळे खोके दमट खोलीतून काढून पाडले. बूड, माथा, लांब कूस, आखूड कूस, कोपरा. साहेबांनी स्वतः वाकून लादीवरून हात फिरवला आणि तो पांढऱ्या रुमालाला पुसून सगळ्यांना दाखवला. रुमाल पांढराच राहिला. मी सही केली. पावसाळा सुरू झाला आणि माल नव्या खोक्यांतून जायला लागला.

ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारची गोष्ट. मी घरीच होते. सकाळपासून झड लागली होती. आबा वरच्या बांधाकडे गेले होते ते धावतच आले, डोक्यावरची घोंगडीची खोळ वाऱ्याने उलटलेली.

"गो, घाटात ट्रक कलंडलाय. खोकी खाली पऱ्यापर्यंत आली हायत. तुमच्या कंपनीची हायत."

"कशावरून, आबा?"

"कवटी हाय त्यावर. तू दाखवलेलीस ना घरी, ती लाल चौकटीतली."

पऱ्या म्हणजे आमच्या गावाचा ओढा. गावाचं पिण्याचं पाणी त्याच्याच काठच्या झऱ्यावरून येत होतं. शिवाय घाटात ट्रक उलटला की माणसं माल उचलायला धावतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. साबण असो, तेलाचे डबे असोत, काहीही असो.

"कोणी हात लावला का?"

"लावत व्हते. मी वरडलो. म्हटला, माझी सून याच कंपनीत हाय, ती ज्याला आपटते ता हा. हात लावाल तर मराल."

नवऱ्याला मी नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर पिटाळलं, कंपनीच्या गेटवर आणि पोलिसांना कळवायला. सासूबाईंना सांगितलं, गावात घरोघरी निरोप द्या, आजचं पाणी पऱ्याचं भरायचं नाही, पलीकडच्या विहिरीचं भरायचं. त्या उभ्या उभ्याच निघाल्या. मी आणि आबा वर गेलो.

समोरून आलेल्या एका गाडीला चुकवताना आमचा ट्रक वळणावर घसरून कठड्यावरून खाली कलंडला होता. ड्रायव्हरला गावातल्या माणसांनी आधीच बाहेर काढलं होतं. त्याचा हात मोडला होता, पण तो बोलत होता. त्याला जीपमध्ये घालून पोलादपूरच्या दवाखान्यात पाठवलं होतं. उतारावर, करवंदीच्या जाळ्यांत आणि खाली पऱ्याच्या पाण्यात आमची खोकी पसरली होती. वरून पाऊस ओतत होता. काही माणसं लांब उभी राहून बघत होती. वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला, वर रस्त्यावर मी सगळ्यांना नेलं. कोणी विचारलं, "बाई, फुटली काय?" मी म्हटलं, "माहीत नाही. फुटली असतील असं समजून लांब राहा."

मी स्वतः जवळ गेले नाही. वाफ अडवणारा मुखवटा नसताना जवळ जायचं नाही हा नियम मी दुसऱ्यांना शिकवत आले होते. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी फक्त पाहत राहिले. त्या उताराला आमच्या लादीसारखी छातीची उंची नव्हती. पंधरा-वीस पुरुष उंचीइतका तरी खोल होता तो, आणि खाली खडक. कोपऱ्यावर पडताना येणारा तो हाड मोडल्यासारखा आवाज माझ्या कानात पुन्हा पुन्हा येत होता. एक खोका पऱ्यातल्या दगडाला अडून पाण्यात अर्धा बुडालेला होता. पाणी त्याच्यावरून वाहत होतं आणि त्याची झडप बंद होती. मी त्या एका खोक्यावरून नजर हलवली नाही. आबा माझ्या शेजारी उभे होते. "उघडेल काय गो?" त्यांनी हळूच विचारलं.

कंपनीची आपत्कालीन गाडी आली, मुखवटे आणि हातमोजे घातलेली माणसं उतरली. पाठोपाठ जीपमधून आमचे साहेब. रविवार असल्याने त्यांच्या अंगात घरचा सदरा होता. माणसं उतरणीवरून दोर लावून खाली गेली. पहिला खोका वर आला तो चेंगरलेला, एक कोपरा पूर्ण आत गेलेला. साहेबांनी मला मुखवटा दिला. गर्दीपासून लांब, रस्त्याच्या कडेला आम्ही दोघांनी तो उघडला. कप्पे दबले होते, पण आतले कॅन जागच्या जागी, बुचं घट्ट. वाफ मोजायची नळी लावली, तिचा रंग बदलला नाही. दुसरा खोका, तिसरा. दुपार टळेपर्यंत एक एक खोका वर येत होता आणि आम्ही तो उघडत होतो. काही अगदी लगदा व्हायला आले होते, काहींच्या कुशी फाटल्या होत्या. कुठल्याही कॅनमधून थेंबही गेला नव्हता. पाण्यात बुडालेला तो खोका सगळ्यांत शेवटी आला. त्याचं बूड हाताने ताणून पाहिलं. झडपा सुटल्या नाहीत. वरचं लेबल चिखलाने भरलं होतं. साहेबांनी तळव्याने चिखल पुसला, खालची अक्षरं वाचली आणि तो खोका दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातांत दिला.

"घ्या," ते म्हणाले. "तुमच्या ओल्या गोणपाटांचा."

मी रडले, हे मी कबूल करते. मुखवट्यात रडणं फार गैरसोयीचं असतं. काच धुक्याने भरते आणि नाक पुसता येत नाही.

आबांनी लांबूनच विचारलं, "काय झाला? फुटलाय?" मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्या माणसांकडे वळून असा आवाज दिला की पार वरच्या वळणावर थांबलेल्या ट्रकवाल्यांनीही ऐकला असेल. "फुटला नाय! एक बी फुटला नाय!"

तरीही साहेबांनी पऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून ते स्वच्छ असल्याचं उत्तर येईपर्यंत गावाने पलीकडच्या विहिरीचं पाणी वापरलं. कोणी कुरकुरलं नाही. सरकारी तपासणी अधिकारी आले, त्यांनी आमच्या शेडमध्ये दोन दिवस बसून सगळ्या चाचण्या पुन्हा करवून घेतल्या. जाताना त्यांनी दमट खोलीचं माप आणि बांधणी विचारून घेतली. रवानगीच्या मॅनेजरांनी मला सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी तुम्हाला नियम विचारला होता. आता इतर कारखाने तुम्हाला विचारतील." त्यांचं म्हणणं खरं ठरलं. वसाहतीतल्या दोन-तीन कंपन्यांची माणसं आमची खोली बघायला आली, आणि आम्ही ती आनंदाने दाखवली. अशा गोष्टी झाकून ठेवायच्या नसतात.

गावात मात्र त्यानंतर वेगळंच सुरू झालं. बायका माझ्याकडे काय काय आणून दाखवू लागल्या. भाताला मारायच्या औषधाची बाटली, उंदराच्या औषधाची पुडी, मोरीत टाकायचं ॲसिड. "ह्याच्यावर काय लिवलाय बघ." प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी मला स्वातंत्र्यदिनाच्या पुढच्या आठवड्यात शाळेत बोलावलं. मी फळ्यावर खडूने ती चिन्हं काढली, कवटी, ज्वाळा, हात खाणारं ॲसिड, मेलेला मासा आणि वाळलेलं झाड. मुलांनी प्रत्येक चिन्हाला आपापलं नाव दिलं. माझे वडील त्या दिवशी महाडहून मुद्दाम आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. शिकवून झाल्यावर ते माझ्याजवळ आले. वाटलं, काहीतरी चूक काढतील. ते म्हणाले, "मोठ्याने आणि सावकाश बोललीस. बरोबर शिकवलंस."

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात सासूबाई फळीवरून एक बाटली उतरवत होत्या. आंब्याला मारायच्या औषधाची. ती वर्षानुवर्षं तिथेच, मिठाच्या बरणीच्या मागे असायची, आणि मीही तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी ती फडक्यात धरली, गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवली, वर टोपली पालथी घातली आणि परत येऊन हात दोनदा साबणाने धुतले. मग आबांना म्हणाल्या, "आजपासून ती थयच, माळ्यावर. स्वयंपाकघरात आणलीत तर जेवाण नाय." जेवायला बसण्याआधी आबाही मोरीकडे गेले आणि हात धुऊन आले.